बारा विजय, सदतीस पराभव: सवानीच्या फुटबॉलचा ताळेबंद

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात कंबरलँड पठारावर सवानी हे गाव आहे आणि त्या गावात ‘युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ’ हे विद्यापीठ. नाव साऱ्या दक्षिणेला कवेत घेणारे. विद्यार्थी मात्र १८९९ साली तीनशेच्या आसपास, आणि लोकांच्या तोंडी संस्थेलाही गावाचेच नाव बसलेले. त्या वर्षी या संस्थेच्या फुटबॉल संघाने बारा सामने खेळले आणि बाराही जिंकले. संघाने ३२२ गुण मिळवले, दिले फक्त १०. त्यांतले पाच विजय सहा दिवसांत, पाच वेगवेगळ्या शहरांत, एकही गुण न देता मिळवलेले होते. या मोसमाला २०२४ मध्ये सव्वाशे वर्षे पूर्ण झाली आणि अजूनही तो सांगितला जातो तो मर्दुमकीची कहाणी म्हणून. मर्दुमकी होतीच. परंतु संस्थेचा इतिहास लिहायचा तर त्याच वहीतले दुसरे पानही उघडावे लागते. १९३३ ते १९४० या काळात साउथईस्टर्न कॉन्फरन्स या संघटनेतले ३७ सामने सवानी खेळली आणि सदतीसही हरली. पहिले पान मोठ्याने वाचायचे आणि दुसरे हळूच उलटायचे, अशी स्मरणिकांची रीत असते. ती बाजूला ठेवली तर दिसते की दोन्ही पानांमागे एकच गोष्ट आहे: संस्थेचा लहान आकार. खेळाचे नियम आणि अर्थकारण लहान संस्थेला पेलण्याजोगे होते तोवर त्या आकाराची अडचण झाली नाही. ते बदलल्यावर तोच आकार अंगाशी आला. म्हणून १८९९ चा मोसम नीट समजायचा तर १९४० साली संस्थेने घेतलेल्या माघारीपर्यंत जावे लागते, आणि ती माघार त्या मोसमाइतकीच मानाची होती, असे या लेखाचे म्हणणे आहे.

आकांक्षा आणि ऐपत यांची ओढाताण या संस्थेच्या जन्मापासूनची आहे. ४ जुलै १८५७ रोजी एपिस्कोपल चर्चच्या दक्षिणेतल्या बिशपांनी आणि प्रतिनिधींनी चॅटानूगाजवळच्या लुकआउट माउंटनवर सभा भरवून आपल्या भागाचे एक भव्य विद्यापीठ काढायचे ठरवले. पुढाकार लुईझियानाचे बिशप लिओनिडस पोक यांचा. पैसा येणार होता तो मुख्यतः गुलामांच्या श्रमावर उभ्या राहिलेल्या मळेवाल्यांकडून. जागेचा मोठा हिस्सा सवानी मायनिंग कंपनी या कोळसा कंपनीने दिला, कारण पठारावर वस्ती वाढली तर तिच्या रेल्वेलाही काम मिळणार होते. १८६० मध्ये कोनशिला बसली आणि दुसऱ्याच वर्षी यादवी युद्ध पेटले. पोक बिशपपदाचा झगा उतरवून दक्षिणेच्या सैन्यात सेनापती झाले आणि १८६४ मध्ये तोफगोळ्याने मारले गेले. कोनशिला उत्तरेच्या सैनिकांनी सुरुंग लावून फोडली. देणगीदारांची संपत्ती युद्धाबरोबर गेली. बिशप चार्ल्स टॉड क्विंटार्ड यांनी इंग्लंडात जाऊन मदत गोळा केली, तेव्हा कुठे १८६८ च्या सप्टेंबरात नऊ विद्यार्थी आणि चार शिक्षक एवढ्यावर विद्यापीठाचे दार उघडले. आराखडा ऑक्सफर्डचा आणि तिजोरी खेड्यातल्या शाळेची, ही स्थिती पुढची कित्येक दशके राहिली. फुटबॉल इथे १८९१ मध्ये आला तोही या स्थितीतच. खेळावर उधळायला पैसा नव्हता, मैदानाभोवती तिकीट काढून बसेल एवढे शहर नव्हते, आणि डोंगर उतरून कुठेही जायचे तर कोळशाच्या त्या फाट्यावरची गाडी हाच मार्ग होता.

अशा संस्थेला दक्षिणेतल्या कोणत्याही संघाशी बरोबरी करता आली याचे पहिले कारण त्या काळच्या नियमांत सापडते. आज अमेरिकन फुटबॉल म्हटले की लांब फेकलेला चेंडू आणि पन्नास-साठ खेळाडूंचा ताफा डोळ्यांसमोर येतो. १८९९ मध्ये यातले काही नव्हते. चेंडू पुढे फेकायला परवानगीच नव्हती. ती १९०६ मध्ये मिळाली. मैदान ११० यार्डांचे होते. चेंडू आपल्याकडे राखायचा तर तीन प्रयत्नांत पाच यार्ड सरकावे लागे. टचडाउनचे पाच गुण, त्यानंतरच्या यशस्वी किकचा एक, आणि चालू खेळात किक मारून केलेल्या गोलाचेही पाच. चेंडू हातात आला की धावणाऱ्याच्या पुढे साथीदारांची भिंत उभी राही, मागचे त्याला ढकलत आणि समोरचे अकरा जण त्या लोंढ्यावर अंग टाकत. दोन-तीन यार्ड मिळत, माणसांचा ढीग उचकटला जाई आणि पुन्हा तेच. डोक्यावर फार तर चामड्याची टोपी, बऱ्याच जणांच्या डोक्यावर तीही नाही. त्या धुमश्चक्रीत डोके सांभाळायचे म्हणून केस वाढवायची तेव्हा पद्धत होती. सर्वांत महत्त्वाचा नियम बदलीचा. एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नसे. चढाई करणारे अकरा तेच बचाव करणारे अकरा. थोडक्यात, ज्या संस्थेकडे अकरा दणकट, शिस्तीचे आणि एकमेकांना ओळखणारे तरुण होते तिला तीन हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठाची भीती बाळगायचे कारण नव्हते. मोठ्या संस्थेचे संख्याबळ मैदानाच्या कडेला बसून राही.

असे अकरा जण सवानीकडे होते आणि त्यामागेही संस्थेची स्वतःची काही वैशिष्ट्ये होती. पठारावरच्या थंडीमुळे तिथे दीर्घ सुटी हिवाळ्यात असे आणि वर्ग उन्हाळाभर चालत. इतर महाविद्यालयांचे खेळाडू शरद ऋतूत गोळा व्हायचे, तेव्हा सवानीचे आधीपासून एकत्र राहत असायचे. प्रशिक्षक हर्मन सूटर प्रिन्स्टनमध्ये खेळलेला होता. पूर्वेकडच्या बड्या विद्यापीठांत घोटलेली शिस्त त्याने इथे आणली. कर्णधार हेन्री सायबल्स हाफबॅकला, ऑर्मंड सिमकिन्स फुलबॅकला, रिंगलँड किलपॅट्रिक दुसऱ्या बाजूला. पुढच्या फळीत विल्यम क्लेबर्न होता; तो पुढे धर्मोपदेशक झाला आणि त्याच डोंगराळ भागात शाळा व रुग्णसेवा उभी करण्यात त्याने आयुष्य घालवले. या सर्वांच्या बरोबरीने नाव घ्यावे लागते ते मैदानावर न उतरलेल्या ल्यूक ली या विद्यार्थ्याचे. संघाचा तो व्यवस्थापक होता आणि तेव्हा त्याचे वय होते वीस.

लीपुढची अडचण पैशाची होती. सवानीचा सर्वांत मोठा सामना नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्टशी होत असे आणि वर्षाच्या जमेचा मोठा आधारही तोच. तिकिटांच्या पैशांच्या वाटणीवरून दोन्ही संस्थांत बिनसले आणि १८९९ चा सामना रद्द झाला. खड्डा भरून काढायचा तर परगावी जाऊन खेळणे भाग होते, कारण पाहुण्या संघाला तिथे ठरलेली रक्कम किंवा विक्रीतला हिस्सा मिळे. मात्र दर सामन्यासाठी डोंगर उतरून चढायचे तर मिळकत गाडीभाड्यातच जाणार. तेव्हा भाडे एकदा भरायचे आणि त्यात बसतील तेवढे सामने बसवायचे, असा लीचा मार्ग होता. ही निव्वळ अटकळ नाही. वेळापत्रकच तसे सांगते. २१ ऑक्टोबरला अटलांटात जॉर्जियाविरुद्ध १२-०, आणि तिथेच २३ ला जॉर्जिया टेकविरुद्ध ३२-०. मोसमाच्या शेवटी ३० नोव्हेंबरला मॉंटगोमेरीत ऑबर्नशी, आणि २ डिसेंबरला अटलांटात नॉर्थ कॅरोलायनाशी. मधला पाच सामन्यांचा दौरा हा याच रीतीचा ताणलेला नमुना. बारापैकी नऊ सामने अशा तीन दौऱ्यांत उरकलेले आहेत. ज्याला पुढे अचाट साहस म्हटले गेले त्याचा उगम काटकसरीत होता.

तो दौरा मात्र तपशिलाने पाहण्यासारखा आहे. ९ नोव्हेंबरला ऑस्टिनमध्ये टेक्सासविरुद्ध १२-०. डोक्याला मोठी जखम होऊनही सायबल्स या सामन्यात खेळत राहिला. रातोरात गाडी, आणि १० तारखेला ह्यूस्टनमध्ये टेक्सास ए अँड एमविरुद्ध १०-०. पुन्हा रात्रीचा प्रवास, आणि ११ ला न्यू ऑर्लिन्समध्ये टुलेनविरुद्ध २३-०. १२ ला रविवार. चर्चच्या संस्थेने त्या दिवशी खेळणे शक्यच नव्हते. १३ ला बॅटन रूजमध्ये लुईझियाना स्टेटविरुद्ध ३४-०, आणि १४ ला मेंफिसमध्ये मिसिसिपीविरुद्ध १२-०. एकूण फेरा सुमारे २,५०० मैलांचा, म्हणजे ४,००० किलोमीटरचा. गाडीत गावच्या झऱ्याच्या पाण्याची पिंपे भरून घेतली होती, परमुलखातल्या पाण्याने पोट बिघडू नये म्हणून. खेळाडूंचे बूट निघताना सवानीलाच राहिले आणि लीला ते तारा करून मागून मागवावे लागले, असेही सांगतात. गुणफलकांकडे ओळीने पाहिले की शरीराचा हिशेबही वाचता येतो. सलग दुसऱ्या दिवशी गुण सर्वांत कमी, दहा. रविवारच्या विश्रांतीनंतर सर्वांत जास्त, चौतीस. आणि त्यानंतर लगेच पुन्हा बारा. प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीतला फरक यात आहेच, तरी थकवा खोटा नव्हता हे आकडे सांगतात. ते लोखंडाचे बनलेले नव्हते. थकलेल्या अकरांशी ताज्या अकरांची गाठ पडली तेव्हाही थकलेल्यांचा बचाव पाच वेळा अभेद्य राहिला, हे या दौऱ्याचे खरे मोल.

यावर पहिला आक्षेप असा की प्रतिस्पर्धी कच्चे होते. आक्षेपात तथ्य आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. टुलेन आणि लुईझियाना स्टेट यांचा तो मोसम दुबळा गेला होता. घरच्या मैदानावरचे तीन सामने, टेनेसीविरुद्ध ४६-०, साउथवेस्टर्न प्रेसबिटेरियनविरुद्ध ५४-० आणि कंबरलँडविरुद्ध ७१-०, यांत मिळून १७१ गुण झाले. म्हणजे मोसमातल्या ३२२ पैकी निम्म्याहून अधिक गुण या तीन एकतर्फी सामन्यांतले. शिवाय त्या काळी दोन्ही कर्णधारांच्या संमतीने खेळाची वेळ आखूड करण्याचा प्रघात होता, त्यामुळे पाच सामने म्हणजे आजच्या मापाचे पाच पूर्ण सामने असे कोणी समजू नये. पण एवढे मान्य केल्यावर हिशेब कोसळत नाही, फक्त आकडा बदलतो. ३२२ ची फुशारकी सोडून १० वर बोट ठेवावे. जॉर्जिया, टेक्सास, नॉर्थ कॅरोलायना यांसारख्या संघांनाही सवानीविरुद्ध खाते उघडता आले नाही. बाराही सामन्यांत मिळून ज्याने गुण घेतले असा संघ एकच: ऑबर्न.

ऑबर्नचा सामना या मोसमाची खरी कसोटी आहे आणि कौतुकाच्या लेखनात तो बहुधा घाईने उरकला जातो. ऑबर्नचा प्रशिक्षक होता जॉन हाइझमन. ज्याच्या नावाचा करंडक आज महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला दिला जातो, तोच. त्याचा संघ एक चाल संपते न संपते तोच दुसरी सुरू करी आणि समोरच्यांना उसंत मिळू देत नसे. सवानी ११-१० अशी जिंकली, केवळ एका गुणाने. सामन्यानंतर हाइझमनने पंचांच्या कामगिरीवर वृत्तपत्रातून जाहीर टीका केली. तिच्यात पराभवाची चीड किती आणि तथ्य किती हे आता ठरवता येणार नाही. पण ऑबर्न त्या दिवशी निदान तोडीस तोड होते हे गुणफलकच सांगतो. दोनच दिवसांनी नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध विजय मिळाला तोही ५-० असा निसटता. म्हणजे मोसमाचे शेवटचे दोन सामने मिळून फरक सहा गुणांचा. ‘अजिंक्य’ हा शब्द वापरताना हे ध्यानात ठेवावे. एखादा निर्णय इकडचा तिकडे झाला असता तरी सवानी त्या वर्षी दक्षिणेत पहिल्या रांगेतच राहिली असती. दंतकथा मात्र झाली नसती. इतिहासकाराने पहिल्या रांगेचे कारण शोधावे. त्यापलीकडच्या एका गुणात नशिबाचा वाटा असतो.

दुसरा आक्षेप खेळाडूंच्या पात्रतेचा. सवानीत तेव्हा कला शाखेबरोबर धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यकी यांचे विभागही होते आणि तिथले विद्यार्थी वयाने मोठे असत. पात्रतेचे नियम सैल असल्याने त्यांनाही संघात जागा मिळू शके. म्हणजे तीनशेतून अकरा निवडण्याचा चमत्कार वाटतो तेवढा मोठा नाही, कारण त्या तीनशेत प्रौढ पुरुषांचे प्रमाण बऱ्यापैकी होते. हे खरेच आहे आणि आपल्या मुद्द्याला ते बळच देते. त्या काळच्या व्यवस्थेत लहान संस्थेच्या बाजूने काय काय होते याच्या यादीत हीही एक नोंद. पुढे पैशाअभावी १९०९ मध्ये वैद्यकी विभाग बंद झाला आणि पाठोपाठ कायद्याचाही. त्याच १९०९ साली सवानीने व्हँडरबिल्टला हरवून पुन्हा दक्षिणेचे अजिंक्यपद मिळवले होते. त्यानंतर तशी उंची तिला गाठता आली नाही, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या खेळाचे हे कौतुक चालले आहे तो खेळ माणसे मारत होता. १८९७ मध्ये जॉर्जिया विद्यापीठाचा रिचर्ड व्हॉन गॅमन सामन्यात झालेल्या दुखापतीने दगावला. जॉर्जियाच्या विधिमंडळाने खेळावर बंदी घालणारे विधेयक संमत केले. मृत मुलाच्या आईनेच खेळ बंद करू नये असे कळवल्यावर राज्यपालांनी ते नाकारले. १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना बड्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारा असे सांगावे लागले. डोके फुटलेला सायबल्स खेळत राहिला याला आज आपण शौर्य म्हणू की संस्थेची बेफिकिरी, हा प्रश्न टाळता येत नाही. सहा दिवसांत पाच सामने ठेवणे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातही कोणा शहाण्या प्राचार्याने मान्य केले नसते. आणि ‘दक्षिणेतला सर्वोत्तम संघ’ या बिरुदातली दक्षिण अर्धीच होती. सवानी आणि तिचे सारे प्रतिस्पर्धी फक्त गोऱ्यांचे संघ होते. कृष्णवर्णीयांची महाविद्यालये १८९२ पासून आपापसांत फुटबॉल खेळत होती, पण त्यांच्याशी सामन्याचा विचारही या व्यवस्थेत बसत नव्हता. सवानीच्या दौऱ्यावर कॅल बरोज हा कृष्णवर्णीय सेवक बरोबर होता. रोजच्या रोज सुजलेले पाय आणि आखडलेले खांदे चोळून मोकळे करणे हे त्याचे काम. सलग तीन दिवस खेळू शकण्यात या कामाचा वाटा किती, हे कोणालाही कळेल. विद्यापीठाने २०१७ पासून आपल्या भूतकाळातल्या गुलामगिरीचा आणि वंशभेदाचा शोध घेणारा प्रकल्प हाती घेतला आहे. १८९९ च्या पानावरही त्या शोधाचा प्रकाश पडायला हवा. त्याने विजय पुसले जात नाहीत. ते कोणत्या समाजात मिळाले हे स्पष्ट होते.

आता मूळ मुद्द्याकडे. नियम आणि आकार यांचा हा संबंध एकट्या सवानीवरून काढला असता तर तो घाईचा ठरला असता. पण दाखले आणखी आहेत. केंटकीतल्या डॅनव्हिल गावचे सेंटर कॉलेज सवानीएवढेच लहान. त्याने २९ ऑक्टोबर १९२१ रोजी हार्वर्डला त्यांच्याच मैदानावर ६-० असे हरवले. पुढच्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी पॅसाडेनाच्या रोज बोल सामन्यात पेनसिल्व्हेनियातल्या वॉशिंग्टन अँड जेफरसन या चिमुकल्या कॉलेजने कॅलिफोर्निया विद्यापीठाला ०-० असे रोखून धरले, आणि सबंध सामन्यात त्यांनी एकही खेळाडू बदलला नाही. अकरा माणसांवर सामना निभावता येत होता तोवर असे निकाल लागू शकत होते. त्यानंतर ते विरळ होत गेले. चेंडू फेकण्याच्या तंत्राने खास कौशल्याचे खेळाडू हवेसे केले, बदलीचे नियम टप्प्याटप्प्याने सैल झाले आणि १९४१ पासून जवळजवळ मुक्त बदली आली. त्याहून मोठा बदल मैदानाबाहेरचा. १९२० च्या दशकात हजारो प्रेक्षकांची स्टेडियमे उभी राहिली, राज्य सरकारांच्या विद्यापीठांची विद्यार्थिसंख्या फुगली आणि खेळाडूंना शिष्यवृत्त्या देऊन आणले जाऊ लागले.

साउथईस्टर्न कॉन्फरन्स १९३२ च्या डिसेंबरात स्थापन झाली तेव्हा तेरा संस्थापक सदस्यांत सवानी होती. तिला तिथे नेले ते जुन्या नावाने आणि जुन्या संबंधांनी. अलाबामा, टेनेसी, लुईझियाना स्टेट आता काय झाले होते याचे एकच उदाहरण पुरे. १८९९ मध्ये लुईझियाना स्टेटला त्यांच्या घरी ३४-० ने हरवून सवानीचा संघ भाड्याचा हिशेब करत पुढच्या गाडीत बसला होता. १९३४ मध्ये सिनेटर ह्यूई लाँग यांनी रेल्वे कंपनीवर दडपण आणून भाडे उतरवले आणि लुईझियाना स्टेटचे हजारो विद्यार्थी सामना पाहण्यासाठी नॅशव्हिलला नेले. एका बाजूला राज्याची सत्ता आणि खजिना, दुसऱ्या बाजूला जेमतेम १८९९ सालाएवढ्याच विद्यार्थ्यांची संस्था. अंथरूण तेवढेच राहिले आणि पाय पसरायचे अंतर दसपट झाले. सदतीस पराभवांत त्या मुलांच्या जिद्दीचा काही दोष शोधणे अन्यायाचे आहे. जिद्दीने जे जिंकता येत होते त्या खेळाचे नावच फक्त शिल्लक राहिले होते.

१९३८ मध्ये कुलगुरू झालेले अलेक्झांडर गेरी यांनी ही विसंगती ओळखली. खेळाडूंसाठीच्या शिष्यवृत्त्या त्यांनी बंद केल्या आणि १९४० च्या अखेरीस सवानी कॉन्फरन्समधून बाहेर पडली. याला पळ काढणे म्हणणारे होते आणि आजही आहेत. आज त्या कॉन्फरन्सचे सदस्यत्व म्हणजे कोट्यवधी डॉलरांचे दूरचित्रवाणी उत्पन्न, तेव्हा सवानीने सोन्याची खाण सोडली असाही सूर निघतो. पण खाण खोदायला लागणारे भांडवल संस्थेकडे कधीच नव्हते. ते उभे करायचे तर ग्रंथालय, शिक्षक आणि वसतिगृहे यांच्या वाट्याचे काढावे लागले असते, आणि इतके करूनही चार हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठाशी बरोबरी झाली असती याची हमी नव्हती. माघारीनंतर फुटबॉल मेला नाही, हे या निर्णयाच्या बाजूचे सर्वांत ठाम उत्तर. महायुद्धानंतर तो शिष्यवृत्तीशिवाय पुन्हा सुरू झाला. प्रशिक्षक शर्ली मेजर्स यांच्या हाताखाली १९५८ आणि १९६३ या दोन्ही मोसमांत संघ अपराजित राहिला. आपल्या आकाराच्या संस्थांशी खेळल्यावर सवानी पुन्हा जिंकू लागली. पठार, शाळा आणि मुलांची जात तीच होती, बदलली होती ती फक्त स्पर्धेची पातळी. आज ही संस्था राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या तिसऱ्या श्रेणीत खेळते, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देण्यास मुळातच मनाई आहे.

ल्यूक लीचे पुढचे आयुष्य या इतिहासाला एक समांतर रेघ ओढते. त्याने नॅशव्हिलमध्ये वृत्तपत्र काढले, तो अमेरिकेच्या सिनेटवर निवडून गेला, आणि १९१९ च्या जानेवारीत काही सैनिक बरोबर घेऊन हॉलंडात आश्रयाला असलेल्या कैसर विल्हेल्मला पकडून आणण्यासाठी चक्क त्याच्या दारापर्यंत पोचला. ती मोहीम फसली. पुढे बँकव्यवहाराच्या खटल्यात त्याला शिक्षा झाली आणि तुरुंगवासही भोगावा लागला. वीस वर्षांचा असताना त्याने जी योजना आखली ती धाडसी असूनही हिशेबात बसणारी होती. उत्तरायुष्यातल्या योजनांचा हिशेब सुटला. मात्र संस्थेने तो सांभाळला, आणि म्हणूनच सवानीच्या क्रीडा इतिहासात १८९९ आणि १९४० ही दोन वर्षे एकाच ओळीत लिहिली पाहिजेत. पहिल्या वर्षी तिने आपल्याकडे असलेल्या अकरा माणसांतून, एका रेल्वे भाड्यातून आणि त्या काळच्या नियमांतून जेवढे निघण्यासारखे होते तेवढे काढले. दुसऱ्या वर्षी तिने मान्य केले की आता त्यातून तेवढे निघणार नाही, आणि ते मान्य करताना शाळेचे शाळापण वाचवले. लहान संस्थांच्या यशाच्या कथा ऐकताना आपण नेहमी विचारतो, एवढ्यांनी एवढे कसे केले? सवानीचा इतिहास त्यापुढचा प्रश्न विचारायला लावतो: जे एकदा जमले ते जमेनासे झाले हे त्यांनी वेळेवर ओळखले का? बारा विजयांच्या मानपत्राखाली सदतीस पराभवांची नोंद आणि त्यानंतरचा निर्णय छापणारी स्मरणिकाच या संस्थेचा पूर्ण गौरव करू शकेल.